नाशिकमध्ये मिळणारं 'डायव्हर्सिटी हायरिंग' पॅकेज: कशाला पैसे द्यावेत, कशाला देऊ नयेत

अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या एजन्सींच्या दरपत्रकात हल्ली एक वेगळी ओळ असते: 'डायव्हर्सिटी हायरिंग' किंवा 'सर्वसमावेशक भरती'. सिन्नर, गोंदे, दिंडोरीकडच्या युनिटनाही हेच पॅकेज दाखवलं जातं. मागणी कुठून आली हे समजण्यासारखं आहे. सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना 'बीआरएसआर' (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवाल सक्तीचा केला. त्यात महिला किती, दिव्यांग किती आणि समान संधी धोरण आहे का, हे लिहावं लागतं. मग अशा कंपन्या आपल्या पुरवठादारांनाही हेच विचारतात आणि साठ माणसांच्या युनिटचा मालक एजन्सीला फोन लावतो.

या पॅकेजमध्ये साधारण सात गोष्टी असतात: जाहिरात लिहून देणं, उमेदवार आणणं, छाननी, मुलाखत घेणाऱ्यांचं प्रशिक्षण, जागेची पाहणी, धोरणाची कागदपत्रं आणि रुजू झाल्यानंतरचा पाठपुरावा. एजन्सी बदलली तरी मांडणी फारशी बदलत नाही, म्हणून इथे एकेका भागाचं परीक्षण केलं आहे. आमचं मत आधीच सांगतो. पदाचा कामाचा तक्ता आणि पहिल्या ९० दिवसांचा पाठपुरावा या दोन गोष्टी पैसे मोजून घ्याव्यात. कागदपत्रं दोन दिवस बसलं तर घरच्या घरी होतात. मुलाखत घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या नावाने येणारी अर्ध्या दिवसाची 'सेन्सिटायझेशन' (भेदभावाची जाणीव करून देणारी) कार्यशाळा वगळली तरी काही बिघडत नाही.

कामाचा तक्ता

बऱ्याच पॅकेजमध्ये हा भाग नसतोच. असला तर 'जॉब डिस्क्रिप्शन रिव्ह्यू' असं नाव असतं आणि हाती येतो जुन्याच वर्णनाचा स्वच्छ टाइप केलेला कागद. खरा तक्ता म्हणजे त्या पदावरचा माणूस एका शिफ्टमध्ये हाताने, डोळ्याने, कानाने, पायाने नेमकं काय करतो याची ओळीओळीने नोंद. त्यासाठी कुणीतरी किमान अर्धी शिफ्ट लाईनवर उभं राहायला हवं आणि ऑपरेटरशी बोलायला हवं. सुपरवायझरला विचारून केलेला तक्ता चुकतो, कारण सुपरवायझर काम कसं व्हायला हवं ते सांगतो आणि ऑपरेटर ते कसं होतं ते सांगतो.

स्विचगिअरच्या पॅकिंग लाईनचं उदाहरण घ्या. पदाच्या वर्णनात लिहिलेलं असतं: 'शारीरिकदृष्ट्या सक्षम, पुरुष, वय १८ ते २५'. तक्ता केला की कामाचे तुकडे दिसतात. पॅलेटवरून १४ किलोचा खोका उचलून ७५० मिमी उंचीच्या टेबलावर ठेवणं, तासाला वीसएक वेळा. लेबलवरचा क्रमांक वाचून पडद्यावरच्या क्रमांकाशी जुळवणं. स्कॅनरचा 'बीप' ऐकणं. पट्टी बांधणं. भरलेली ट्रॉली १५ मीटर ढकलणं. आता प्रत्येक ओळीपुढे दोनच प्रश्न: हे याच माणसाने केलंच पाहिजे का, आणि दुसऱ्या पद्धतीने होतं का? पॅलेटखाली लिफ्ट टेबल ठेवलं की उचलण्याची ओळ जवळपास संपते आणि पाठ दुखते म्हणून सुट्टी घेणारे जुने कामगारही त्या त्रासातून सुटतात. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये आवाजाबरोबर कंपन किंवा दिवा चालू करता येतो, मग कर्णबधिर माणसाला अडचण राहत नाही. लेबल वाचायला नजर लागते, तिथे तडजोड नाही, म्हणजे पूर्ण अंध उमेदवारासाठी हे पद योग्य नाही. हेही स्पष्ट लिहायचं. तक्त्याचा उपयोग दोन्हीकडून आहे: विनाकारण बंद असलेलं दार उघडतं आणि न झेपणाऱ्या कामावर माणूस ढकलला जात नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ज्याला 'वाजवी सोय' म्हणतो, म्हणजे दिव्यांग माणसाला काम करता यावं म्हणून केलेला बदल, ती या तक्त्यातूनच ठरते. तक्ता नसेल तर एजन्सी काय करते? कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, पण तुमच्याकडे येणारे बहुतेक उमेदवार एकाच प्रकारचे असतात: पायाला किंचित दोष असलेले, बाकी कुठलाही बदल न करता काम करू शकणारे. त्यांना नोकरी मिळायलाच हवी, यात वाद नाही. पण तेवढ्यावर आकडा पूर्ण झाला की कर्णबधिर, अल्पदृष्टी, बौद्धिक दिव्यांग मंडळी रांगेतच राहतात. म्हणून करारात लिहून घ्या की किमान दोन पदांचा तक्ता लाईनवर उभं राहून केला जाईल आणि तो तुमच्या मालकीचा असेल. एजन्सी बदलली तरी तो वर्षानुवर्षं उपयोगी पडतो.

जाहिरात आणि अर्ज

जाहिरातीचा भाग एजन्सी बऱ्यापैकी करतात. 'फक्त पुरुष', 'अविवाहित', 'देखणी' असले शब्द काढले जातात. राहून जातात त्या न दिसणाऱ्या अटी. 'दुचाकी आवश्यक' ही त्यातली मोठी. ऑफिसात बसून बिलं करणाऱ्या पदाला दुचाकी कशाला? ती अट लिहिली की ज्यांच्या घरी एकच गाडी आहे आणि ती भाऊ नेतो, अशा मुली गळतात, आणि ज्यांना गाडी चालवता येत नाही ते दिव्यांगही गळतात. 'इंग्रजी अस्खलित' ही अट स्टोअरच्या पदालाही सर्रास चिकटवलेली असते. 'शिक्षणात गॅप नको' या अटीने बाळंतपणानंतर परत येणारी बाई जाते आणि दोन वर्षं बापाबरोबर ऊसतोडीला गेलेला मुलगाही जातो.

जाहिरात कशी फिरते हेही पाहा. व्हॉट्सअॅपवर ती चित्र म्हणून पाठवली जाते. अंध व्यक्तीच्या फोनमधला, मजकूर वाचून दाखवणारा टॉकबॅक चित्राच्या आतला मजकूर धडपणे वाचत नाही. तोच मजकूर खाली टाइप करून पाठवायला खर्च काहीच नाही. अर्जाच्या नमुन्यात याहून वाईट अडचण दडलेली असते. आपल्याकडे मराठी फॉर्म अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेले असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ती अक्षरं जशीच्या तशी वाचतो. ऐकणाऱ्याला अर्थहीन गोंधळ ऐकू येतो. तपासणं सोपं आहे: फॉर्ममधलं एक वाक्य कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसलं तर ठीक, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली तर फॉर्म युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. नंतर संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर घालून, पडदा बंद करून, फॉर्म शेवटपर्यंत भरून पाहा. चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा असेल तर तिथेच अडकायला होतं. ही चाचणी एजन्सीने करून दाखवावी असा आग्रह धरा. 'आमचं पोर्टल अॅक्सेसिबल आहे' एवढ्या शब्दावर विसंबू नका.

उमेदवार येतात कुठून

एजन्सीकडे ज्यांचे बायोडेटा आधीच पडून आहेत, तेच वेगळ्या गाळणीतून पुन्हा येतात. त्याला नवा शोध म्हणता येणार नाही. दुसरा नेहमीचा मार्ग म्हणजे कामगारांकडून ओळखीने माणूस मागवणं. तो स्वस्त आणि विश्वासाचा वाटतो, पण काही वर्षांत एका लाईनवर एकाच गावची, एकाच भावकीची दहा माणसं होतात. बाहेरच्या माणसाला तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. ओळखीचा मार्ग बंद करायची गरज नाही. एकूण जागांपैकी किती जागा त्यातून भरायच्या याची मर्यादा आधी ठरवा.

नाशिकला एक गोष्ट हाताशी आहे जी मुंबई-पुण्याला नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या आदिवासी तालुक्यांतली आयटीआय झालेली मुलं याच जिल्ह्यात आहेत आणि आदिवासी विकास आयुक्तालयही नाशिकमध्येच आहे. तरी अंबडच्या मुलाखतींना ती मुलं कमी दिसतात, याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: लेखी परीक्षा सकाळी ९ वाजता गरवारे पॉइंटजवळ ठेवलेली असते. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या मुलाला त्यासाठी आदल्या दिवशी निघून नाशकात कुठेतरी रात्र काढावी लागते. चांगली एजन्सी पहिली फेरी तालुक्याच्या आयटीआयमध्ये घेते. तेवढं जमत नसेल तर किमान वेळ ११ नंतरची ठेवून एसटीचं भाडं हातात देते. दरपत्रकात हा खर्च वेगळा दाखवलेला असतो. तो कापू नका.

रुजू झाल्यावर पुढची अडचण खोलीच्या डिपॉझिटची. पहिला पगार हातात यायला सव्वा महिना जातो आणि सातपूर किंवा चुंचाळ्याला खोली घ्यायची तर पैसे आधी लागतात. पहिल्या आठवड्यात पगाराची उचल दिली तर गळती बरीच थांबते. आणि जुलै आला की ही मुलं आठ-दहा दिवस गावी जातात, कारण भाताची आवणी असते आणि घरच्या हातांशिवाय ती होत नाही. कारखान्याच्या हजेरीत त्यावर 'न सांगता गैरहजर' असा शेरा पडतो, तीन दिवसांनी नाव कमी होतं आणि अहवालात लिहिलं जातं की आदिवासी मुलं टिकत नाहीत. आवणी कधी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. रुजू होतानाच ती रजा ठरवून घ्या, दोन मुलांच्या पाळ्या लावा, प्रश्न मिटतो.

दिव्यांग उमेदवारांसाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, मागितलं जातं. पांढरा पट्टा म्हणजे ४० टक्क्यांखाली, पिवळा म्हणजे ४० ते ८०च्या आत, निळा म्हणजे ८० आणि पुढे. कायद्यातल्या काही लाभांसाठी ४० टक्क्यांची अट आहे, पण नोकरी देण्यासाठी ती अट नाही. एजन्सी मात्र अहवालात मोजता यावेत म्हणून पांढऱ्या पट्ट्याचे उमेदवार गाळतात. तसं करू नका म्हणून सांगा. कार्डाचा अर्ज केलेला असेल तर पावतीवर रुजू करून घ्या.

एजन्सीशिवायचे मार्गही आहेत. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि राज्याचं महास्वयम, दोन्हीवर नियोक्त्याला मोफत नोंदणी करता येते. तयार यादीची गुणवत्ता कमीजास्त असते आणि फोन करून पडताळावं लागतं, पण एका माणसाने आठवडाभर बसून फोन केले तर पाच-सहा जागांसाठी ते पुरतं. शिकतानाच काम करणाऱ्या, संसार सांभाळून पदवी घेणाऱ्या बायकांपर्यंत पोचायचं तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं आहेत. विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकमध्येच आहे.

छाननी आणि मुलाखत

'ब्लाइंड स्क्रीनिंग' म्हणजे नाव झाकून छाननी. आपल्याकडे ती का लागते, याला आधार आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटेवेल यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले होते. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे ०.६७ पट आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे ०.३३ पट निघाली. आपल्याकडे तर नावाबरोबर आडनाव, वडिलांचं नाव, गाव, शाळा, सगळंच बोलतं. 'शासकीय आश्रमशाळा' एवढे दोन शब्द पुरतात. म्हणून नुसतं नाव झाकून भागत नाही. आडनाव, फोटो, गाव, शाळेचं नाव, वैवाहिक स्थिती आणि जन्मतारीख हे सगळं वेगळ्या कागदावर ठेवा. छाननीच्या कागदावर उमेदवार क्रमांक, ट्रेड, गुण, अनुभव आणि यंत्रांची नावं एवढंच असावं. दोन कागदांची जोडणी ज्याच्याकडे आहे, त्याने छाननीत बसायचं नाही.

एवढं करूनही गाळणी दुसरीकडे बसते: फोनवरच्या फेरीत. तिथे बोलण्याचा हेल ऐकू येतो आणि शेरा पडतो, 'कम्युनिकेशन वीक'. नाकारलेल्यांची यादी मागवा आणि हा शेरा किती वेळा आला ते मोजा. प्रत्येक वेळी एजन्सीला विचारा: या पदाच्या तक्त्यातल्या कोणत्या ओळीसाठी कोणतं बोलणं कमी पडलं? उत्तर नसेल तर उमेदवार परत बोलवा.

लेखी परीक्षेचंही तसंच. मराठीतून आयटीआय केलेल्या मुलाला इंग्रजीत 'लीस्ट काउंट' (उपकरणाने मोजता येणारं सर्वात लहान माप) ची व्याख्या विचारली तर तो अडखळतो. त्याच्या हातात ०.०२ मिमीचं व्हर्निअर आणि लेथवर कातलेला एक सुटा भाग द्या, तीन मापं घ्यायला सांगा, लिहायला सांगा. पाच मिनिटांत कळतं. कामाची चाचणी कामानेच घ्यावी.

मुलाखत घेणाऱ्यांचं प्रशिक्षण हा या पॅकेजचा सर्वात कमजोर भाग आहे. त्यातली बरीच उदाहरणं परदेशातल्या ऑफिसांची असतात. आपल्याकडची मुलाखत 'आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कुठलं?' या प्रश्नांनी सुरू होते. विचारणाऱ्याला तो ओळखीचा, आपुलकीचा प्रश्न वाटतो. समोरच्या मुलाला नेमकं कळतं की आपली जात विचारली जाते आहे. बाईला विचारलं जातं, 'लग्न ठरलंय का? मुलं लहान आहेत का?' प्रशिक्षणात हे प्रश्न नावानिशी घेतले जात नसतील तर ते घेऊ नका.

त्याऐवजी एका पानाचं गुणपत्रक करून घ्या. पाच प्रश्न, सगळ्यांना त्याच क्रमाने. प्रत्येकाला १ ते ५ गुण आणि १, ३, ५ म्हणजे कसं उत्तर हे आधीच लिहिलेलं. 'लाईनवर खराब माल दिसला तर काय कराल?' या प्रश्नाला 'सुपरवायझरला सांगेन' एवढ्यावर १. बाजूला काढून खूण करेन आणि सांगेन, यावर ३. लाईन थांबवायची की नाही हे कसं ठरवायचं आणि मागचा माल का तपासायचा, हेही सांगितलं तर ५. मंडळातल्या प्रत्येकाने गुण लिहून कागद उलटा ठेवायचा, मगच बोलायचं. आधी चर्चा झाली की सगळे साहेबांच्या गुणांकडे सरकतात. दोन जणांत दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तरच चर्चा. सवय झाली की उमेदवारामागे वीस मिनिटं पुरतात.

निकाल तपासायला अमेरिकेतल्या १९७८च्या भरतीविषयक मार्गदर्शक तत्त्वांतला 'चार-पंचमांश' ठोकताळा वापरता येतो. आपल्याकडे तो कायदा नाही, पण हिशोब उपयोगी आहे. समजा ६० पुरुषांनी अर्ज केले आणि २४ निवडले: ४० टक्के. २० महिलांपैकी ५ निवडल्या: २५ टक्के. २५ला ४०ने भागलं की ०.६२५ येतं. ०.८च्या खाली आलं म्हणजे कुठल्या फेरीत गळती झाली ते शोधायचं. लहान आकड्यांत जपून: याच उदाहरणात दोन महिला जास्त निवडल्या असत्या तर प्रमाण ०.८७५ झालं असतं. म्हणून एका भरतीवरून निष्कर्ष काढू नका, वर्षभराच्या भरत्या एकत्र करा आणि अर्ज, लेखी, मुलाखत, ऑफर, रुजू अशी फेरीनिहाय मोजणी मागा. एजन्सी बहुधा फक्त शेवटचा आकडा देतात.

नियुक्तीआधीच्या वैद्यकीय तपासणीची यादीही एकदा डोळ्यांखालून घाला. एचआयव्ही चाचणी ही नोकरीची अट करायला २०१७च्या कायद्याने मनाई आहे. गरोदरपणाची चाचणी यादीत असेल तर काढून टाका. पार्श्वभूमी पडताळणीत तृतीयपंथी उमेदवाराची दहावीची गुणपत्रिका जुन्या नावाची असते. पडताळणी करणारा जुन्या कंपनीत फोन करून नवं नाव सांगतो आणि सगळीकडे बोभाटा होतो. फॉर्ममध्ये 'पूर्वीचं नाव (गोपनीय)' असा रकाना हवा आणि तो एकाच माणसाने पाहायचा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनाही हाच रकाना लागतो, त्यामुळे तो भरणारी व्यक्ती वेगळी उठून दिसत नाही.

जागेची पाहणी

पाहणीचा अहवाल चाळीस पानांचा आणि फोटोंनी भरलेला येतो. त्यातल्या चार गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे ४५० मिमी उंच जोत्याला ५.४ मीटर लांबीचा रॅम्प. जागा नाही म्हणून दोन मीटरचा बांधला तर व्हीलचेअर मागे घसरते, तो नसलेला बरा. दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी. तिसरी गोष्ट स्वच्छतागृह. महिलांचं स्वच्छतागृह फक्त ऑफिसच्या इमारतीत असतं, लाईनपासून जाऊन यायला सात-आठ मिनिटं लागतात आणि चहाची सुट्टी दहा मिनिटांची असते. मग बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि काही महिन्यांत नोकरी सोडतात. राजीनाम्यात कारण 'घरगुती' असतं. पाहणी करणाऱ्याने हे अंतर घड्याळ लावून चालून मोजलं का, ते विचारा.

चौथी, घरी जाण्याची सोय. दुसरी पाळी रात्री ११च्या सुमारास सुटते. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ आधी काम द्यायचं तर महिलेची स्वतःची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था दोन्ही लागतात. गेटपासून सीबीएसपर्यंत (मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत) गाडी सोडली म्हणजे व्यवस्था झाली असं नाही. त्या वेळी पुढे नांदूर नाक्याला किंवा पाथर्डी गावात जायला सिटीलिंकची बस मिळेलच याचा भरवसा नसतो. गाडी घरापर्यंत हवी.

कर्णबधिर कामगारांसाठी फोर्कलिफ्टवर फिरता दिवा, आगीच्या भोंग्याबरोबर चमकणारा दिवा आणि बाहेर काढायला ठरलेला साथीदार, एवढं आधी करा. एकट्या कर्णबधिर माणसाला एका लाईनवर ठेवू नका. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशी बोलणारं कुणी नसतं. एका शिफ्टला किमान दोघे असावेत आणि लाईनवरच्या सगळ्यांना भारतीय सांकेतिक भाषेच्या चाळीस-पन्नास खुणा शिकवाव्यात: थांब, गरम, माल संपला, बदली, पगार, सुट्टी. दुभाष्या मुलाखतीला असतोच, पण सुरक्षेच्या प्रशिक्षणाला आणि वार्षिक मूल्यमापनालाही तो हवा. करारात तासांसह लिहा.

कागदपत्रं

२० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनेच्या समान संधी धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, सोयी आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक हे असावं लागतं, असं दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याखालचे २०१७चे नियम सांगतात. धोरण संकेतस्थळावर किंवा ठळक जागी लावायचं आणि त्याची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची. एजन्सीने दिलेल्या धोरणात पदांची यादी कोरी असते, कारण तक्ता केलेला नसतो. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते: अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक बाहेरचा सदस्य. तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार अधिकारी नेमायचा असतो. हे सगळं तुमचा एचआर करू शकतो.

दर आणि करार

ऑफिसातल्या पदांसाठी वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, हा सर्वसाधारण दर आहे. ऑपरेटरच्या जागांसाठी मात्र माणूस एजन्सीच्याच हजेरीपटावर राहतो आणि महिन्याला सेवाशुल्क लागतं. इथे नीट लक्ष द्या. नव्याने आलेल्या सगळ्या महिला, दिव्यांग, आदिवासी मुलं कंत्राटी पटावर आणि कायम पटावर तेच जुने लोक, अशी स्थिती या पॅकेजमधून सहज तयार होते. ऑर्डर कमी झाली की पहिली जातात तीच. करारात किती महिन्यांनी कायम जागेसाठी विचार होईल ते लिहा, आणि वेतन त्याच कामाच्या इतर माणसाइतकंच.

३० किंवा ४५ दिवसांत माणूस सोडून गेला तर बदली मोफत, अशी हमी सगळे देतात. म्हणून ४६व्या दिवशी एजन्सीचं लक्ष उडतं. पैसे तीन हप्त्यांत द्या: रुजू झाल्यावर ४० टक्के, ३० दिवसांनी ३० टक्के, ९० दिवसांनी उरलेले ३० टक्के. पाठपुरावा म्हणजे ७व्या, ३०व्या, ६०व्या आणि ९०व्या दिवशी प्रत्यक्ष भेट, सुपरवायझर समोर नसताना, आणि प्रश्न ठरलेले: काम तक्त्याप्रमाणेच आहे का, जेवण कुणाबरोबर करता, घरी कसे जाता, कुठली गोष्ट विचारायला अवघड वाटते. 'सगळं ठीक आहे' एवढंच उत्तर सगळ्यांकडून आलं तर भेट झालीच नाही असं धरा.

ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी वेतनमर्यादा २५,००० रुपये आहे, इतरांसाठी २१,०००. एजन्सीच्या पगारपत्रकात ही मर्यादा बहुधा एकच धरलेली असते आणि २३,००० रुपये घेणाऱ्या दिव्यांग कामगाराचं नाव ईएसआयमधून गळतं. पहिल्याच महिन्याचं, ईएसआय भरल्याचं चलन मागवून पाहा.

साठ-सत्तर माणसांचं युनिट असेल तर पूर्ण पॅकेज घेऊ नका. दोन पदांचा तक्ता, तालुक्यातली एक फेरी, गुणपत्रक आणि ९० दिवसांचा पाठपुरावा, एवढंच वेगळं दर मागून घ्या. एजन्सी आधी तुकडे करायला तयार नसते, पण मागितलं की दर येतो. आणि ही पहिली भरती जूनमध्ये रुजू होईल अशी आखू नका; ऑक्टोबर धरा, म्हणजे आवणी उरकलेली असेल आणि रॅम्पचं काँक्रीटही पावसात अडकणार नाही.